सोलापूरच्या माणसाची कबर आणि तिच्या शेजारची दुसरी कबर

आपल्या गावात जन्मलेल्या माणसांपैकी वर्षावर्षाला सगळ्यात जास्त फुलं कुणाच्या कबरीवर पडत असतील तर ती डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या, आणि ती कबर सोलापुरात नाही, महाराष्ट्रात नाही, भारतातच नाही. चीनमध्ये हबेई प्रांतात शीजियाझुआंग म्हणून मोठं शहर आहे, तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. आमच्या नात्यातला एक पोरगा तिकडं डॉक्टरकी शिकतोय, त्यानं एप्रिलमध्ये व्हिडीओ पाठवला. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडं छिंगमिंग असतो, म्हणजे पितरांच्या कबरी झाडायच्या, फुलं वाहायची, आपल्या पितृपंधरवड्यासारखंच काहीतरी (फक्त कावळ्याची वाट बघत बसायचं नाही). तर व्हिडीओत शाळेची पोरं रांगेनं फुलं ठेवत होती आणि मी इकडं पार्क चौकात सिग्नलला बसून बघत होतो.

कोटणीसांची गोष्ट आपल्याला शाळेत होती, पण एका वाक्यात. चीनला गेले, सेवा केली, वारले. झालं. मधलं सगळं गायब.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी राजवट, लावला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, आणि पुढच्या जानेवारीत धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली, म्हणजे ज्या चौघांच्या पुतळ्यांवरून आपण आज पत्ते सांगतो त्यांचं हे सगळं कोटणीसांच्या तरुणपणी घडत होतं. मग मुंबईला जी. एस. मेडिकलमध्ये डॉक्टरकी. १९३७ मध्ये जपाननं चीनवर चढाई केली, चीननं मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. बोटीवर असतानाच कोटणीसांनी चिनी शब्द वहीत लिहून पाठ करायला सुरुवात केली, ती हातानं लिहिलेली वही अजून शीजियाझुआंगच्या त्या स्मशानभूमीतल्या छोट्या म्युझियममध्ये ठेवलीय. वडील गेल्याची बातमी तिकडं पोचली तरी ते परत आले नाहीत. बाकीचे एकेक करून परतले, हे राहिले.

आता मला खरी सांगायचीय ती दुसऱ्या कबरीची गोष्ट. नॉर्मन बेथून म्हणून कॅनडाचे सर्जन होते, ते पण याच युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करत होते. ऑपरेशन करताना बोटाला कापलं, ते चिघळलं, विष अंगात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. एवढंसं कापलेलं बोट! पेनिसिलिन तेव्हा कुणाच्या हातात आलेलं नव्हतं. १९४० मध्ये त्यांच्या समाधीच्या उद्घाटनाला कोटणीस गेले आणि तिथंच त्यांना ग्वो छिंगलान भेटल्या, नर्सिंग शिकवायच्या त्या. म्हणजे बघा, बायको पहिल्यांदा दिसली कुठं तर समाधीच्या कार्यक्रमात. १९४१ च्या जानेवारीत बेथूनच्याच नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले आणि त्याच वर्षी लग्न. एकदा तर बहात्तर तास सलग ऑपरेशनं केली म्हणतात. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, यिनहुआ. तब्येत मात्र ढासळत गेली होती, फिट्स यायला लागल्या होत्या, आणि ९ डिसेंबर १९४२ ला फिटनंच गेले, वय बत्तीस, पोरगं साडेतीन महिन्यांचं.

आधी त्यांना तिथल्याच एका खेड्यात पुरलं होतं. पुढं शीजियाझुआंगला मोठी स्मशानभूमी झाली तेव्हा बेथूनना पण तिकडं हलवलं आणि यांना पण. ज्याच्या समाधीला पाहुणा म्हणून गेले, ज्याच्या नावाचं हॉस्पिटल सांभाळलं, त्याच्याच आवारात आता कायमचे. मला ही गोष्ट त्या बहात्तर तासांपेक्षा भारी वाटते, पण भाषणांत कुणी सांगत नाही, भाषणांत फक्त भारत-चीन मैत्री असते आणि ती पण सीमेवर गडबड नसेल तेव्हाच.

शीजियाझुआंगमध्ये त्यांच्या नावाचं मेडिकलचं कॉलेज पण आहे, पोरं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. मुलाचं मात्र वाईट वाटतं, तो पण डॉक्टरकीच शिकत होता आणि १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच गेला. छिंगलानबाई खूप जगल्या, २०१२ मध्ये वारल्या, शहाण्णव वर्षांच्या होत्या. भारतात बऱ्याचदा येऊन गेल्या.

आपल्याकडं भैया चौकात कोटणीसांचं जन्मघर आहे, त्याचं स्मारक केलंय, निम्म्या सोलापूरला माहितीय आणि त्यातले निम्मे आत गेलेले नाहीत. चीनमधून कुणी मोठं माणूस आलं की तेवढ्यापुरती झाडलोट आणि फोटो. पोरांना घेऊन जाणार असाल तर एक करा, ऑपरेशनं आणि युद्ध नंतर सांगा, आधी समाधीच्या कार्यक्रमात जमलेल्या लग्नाचं सांगा. आमच्याकडची कार्टी त्यानंतर गप ऐकत बसली, बेथूनचं बोट नेमकं कसं कापलं ते पण विचारलं.