हिरव्या खांद्यांचा टोमॅटो

टोमॅटोच्या पानांना नुसता हात लागला तरी बोटांना वास चिकटतो. हिरवट, उग्र, साबणालाही न जुमानणारा. हा वास न आवडणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही.

आज दुपारी बियांची पाकिटं पसरून बसले होते. एकावर सगळी फळं गोल गरगरीत, देठापासून बुडापर्यंत एकसारखी लालबुंद. घरच्यांना तेच पसंत. मला हवा होता चेरोकी पर्पल. काळपट, बेढब, देठाजवळ पिकला तरी हिरवाच. त्या हिरव्या खांद्यांवर माझा फार जीव. पैदासकारांनी मात्र पिढ्यान् पिढ्या एकसारखी पिकणारी फळंच निवडली. २०१२ साली उलगडा झाला, की त्या निवडीत हरितद्रव्याचा कारभार बघणारा एक जनुकच निकामी झाला होता. कच्चं फळ उन्हात थोडीफार साखर स्वतः बनवायचं, ते कमी झालं. रूप आलं, गोडी गेली.

लहानपणी आजी परसातला टोमॅटो तोडून पदराला पुसायची आणि अर्धा माझ्या हातावर ठेवायची. उन्हानं कोमट झालेला. बियांभोवतीचा बुळबुळीत गर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा, तो आधी चाटायचा आणि मग फोड खायची. खरा आंबटपणा आणि जिभेवर रेंगाळणारी चव त्या गरातच असते. तो काढून टाकणारी माणसं आहेत. असोत बापडी.

आमच्याकडे टोमॅटो फ्रिजमध्ये जात नाही, यावर चर्चा बंद आहे. बारा अंशांच्या खाली वास तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं. आठवडाभर गारठलेला टोमॅटो बाहेर काढून ठेवला, तरी साखर आणि आम्ल जागच्या जागी असतं, वास मात्र पुरता परतत नाही. शिवाय फळं पिकत असताना पाणी बेतानं द्यावं, नाहीतर चव पातळ होते. हे आजीला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

शेवटी लाल पाकीटही ठेवलं, घरात शांतता हवी. सोबत सनगोल्डचं घेतलं. छोटी, केशरी, भलतीच गोड फळं, पण सालीनं नाजूक. जोराची एक सर आली की तडकतात. तडकू देत. तसली मी झाडापाशीच उभ्या उभ्या संपवते, घरात पोचतच नाहीत.