१५५ फूट, दीड सेकंदाच्या आत

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या, हातातल्या कंट्रोलरच्या ट्रिगरने चालवायच्या छोट्या गाड्या. त्यांच्या जुन्या विक्रमांच्या गप्पा निघाल्या की लोक आधी एका फेरीची वेळ सांगतात. खरं तर आधी ट्रॅक सांगायला हवा. वेळेला अर्थ येतो तो ट्रॅकमुळे. अमेरिकेतल्या ‘ब्लू किंग’ ट्रॅकला या खेळात मोजपट्टीचा मान मिळाला तो यामुळेच.

१९६०च्या दशकात अमेरिकेत या शर्यतींची अक्षरशः लाट आली होती. गावोगावी भाड्याने ट्रॅक देणारी दुकानं निघाली. त्यांना ट्रॅक पुरवणाऱ्यांमध्ये ‘अमेरिकन मॉडेल रेसवेज’ ही कंपनी आघाडीवर होती. तिचे ट्रॅक ठरलेल्या नकाशांचे असत आणि रंगावरून ओळखले जात. जांभळ्या कठड्याचा, २२० फुटांचा तो ‘पर्पल माइल’ आणि निळा, १५५ फुटांचा, आठ लेनचा तो ‘ब्लू किंग’. दशक संपेस्तोवर लाट ओसरली, बहुतेक दुकानं बंद पडली, पण किंगचा नकाशा टिकला. नंतरच्या कारागिरांनीही तोच नकाशा समोर ठेवून नवे ट्रॅक बांधले. त्यामुळे एका शहरातल्या किंगवरची वेळ दुसऱ्या शहरातल्या किंगशेजारी ठेवून बोलता येतं. पूर्णपणे नाही, पण बऱ्यापैकी.

किंगच्या वळणांना स्वतःची नावं आहेत: बँक, डेडमन, फिंगर, डोनट, लीड-ऑन. ‘बँक’ म्हणजे कठड्यासारखं कललेलं मोठं वळण, तिथे पूर्ण वेगात जायचं असतं. डेडमनच्या नावातच इशारा आहे. डोनटमध्ये वळण बराच वेळ संपत नाही, त्यामुळे ट्रिगर धरून ठेवण्याचा धीर लागतो. लीड-ऑन हे मुख्य सरळ पट्ट्यावर आणून सोडणारं वळण. तिथून गाडी किती लवकर सरळ होते, त्यावर पुढच्या पट्ट्याचा सगळा वेग ठरतो. जिंकणारे लोक लीड-ऑनवर सर्वात जास्त सराव करतात, आणि ते बरोबरच आहे.

आता आकडा पाहू. १५५ फूट म्हणजे ४७ मीटरच्या थोडं वर. खुल्या वर्गातली, म्हणजे ग्रुप ७ ची गाडी हे अंतर दीड सेकंदाच्या आत कापते. दीड सेकंद धरला तरी सरासरी वेग ताशी ११३ किलोमीटर होतो, आणि हा वेग गाडी छोटी म्हणून त्या प्रमाणात फुगवून सांगितलेला नाही, खरोखरचा आहे. मागचं चाक पाऊण इंच व्यासाचं धरलं, तर दर मिनिटाला ॲक्सलचे साधारण ३१,६०० फेरे होतात. गिअर ४ ला १ असेल तर मोटार सव्वा लाखाच्या वर फिरत असते. एवढ्या वेगात आर्मेचरचा, म्हणजे मोटारीतल्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाचा, तोल केसभर चुकला तरी वायंडिंग बाहेर फेकलं जातं किंवा कम्युटेटरची, म्हणजे त्याला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याची, पट्टी उचलली जाते. म्हणून स्पर्धेची आर्मेचर डायनॅमिक बॅलन्स केलेली, म्हणजे फिरवून तोल साधलेली, असतात आणि तारा इपॉक्सीत पक्क्या केलेल्या असतात.

वर्ग ठरतात मुख्यतः याच तारेवरून. ग्रुप १२ चा नियम जुना आणि सोपा: तीन पोलांचं आर्मेचर, प्रत्येक पोलवर २९ गेजच्या तारेचे ५० वेढे. आपल्याकडे मोटार भरणाऱ्या दुकानात जाऊन कुणी ‘२९ नंबरची तार द्या’ म्हणेल तर फसेल. अमेरिकन २९ गेज म्हणजे ०.२८६ मिलिमीटर. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश गेज, त्यात २९ नंबर ०.३४५ मिलिमीटर भरतो. जवळची तार हवी तर ३१ किंवा ३२ नंबर, आणि तीही मायक्रोमीटरने मोजून. जाड तारेचे ५० वेढे आर्मेचरच्या खाचेत बसतच नाहीत, आणि कसेबसे बसवले तरी मोटार जास्त करंट ओढते, गरम होते आणि नियमातही बसत नाही. वेढे कमी आणि तार जाड केली की वेग वाढतो, करंट वाढतो आणि आयुष्य घटतं.

चुंबकांचाही विक्रमात वाटा आहे. सिरॅमिक चुंबकांच्या जागी समॅरियम कोबाल्ट आलं तेव्हा वेळा एकदम खाली आल्या. निओडिमियम ताकदीला जास्त, पण तापलं की त्याची ताकद लवकर उतरते. कोबाल्ट उष्णतेत टिकतं. शर्यत म्हणजे उष्णताच, त्यामुळे कोबाल्टचं पारडं जड राहिलं. नव्या मोटारीचे ब्रश, म्हणजे कम्युटेटरला टेकून वीज देणारे छोटे तुकडे, त्याच्या गोलाईवर बसेपर्यंत ती कमी दाबावर, तीनचार व्होल्टवर, फिरवून घ्यायची असते. ते न करता थेट ट्रॅकवर टाकली तर ब्रशचा फक्त कोपरा टेकतो, ठिणग्या उडतात, कम्युटेटर काळा पडतो, आणि मग तो लेथवर घासल्याशिवाय गत्यंतर नसतं.

विजेबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण अनेक ‘मंद’ गाड्या खरं तर मंद नसतात, ट्रॅक मंद असतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना कल्हई केलेल्या तांब्याच्या तारांची वेणी चिकटवलेली असते आणि गाडीच्या गाईडखाली, म्हणजे पुढे खाचेत बसणाऱ्या तुकड्याखाली, तशाच दोन छोट्या वेण्या असतात. बॅटरीपासून वेणीपर्यंतच्या वाटेत ०.०५ ओहमचा रोध असला आणि गाडीने ४० अँपिअर ओढले, तर दोन व्होल्ट वाटेतच गळतात. १३.८ व्होल्टची वीज गाडीला ११.८ पोचते, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त तूट. म्हणून चांगल्या ट्रॅकवर एकाच ठिकाणी नाही तर फेरीभर जागोजागी वेणीला जाड वायरचे जोड दिलेले असतात. जोड सुटला तर एका ठरावीक वळणानंतर सगळ्याच गाड्या दम सोडतात. असं दिसलं की मोटारीला दोष देण्याआधी ट्रॅकखाली वाकून सोल्डर तपासा.

ब्रेकही त्याच वायरीतून येतो. ट्रिगर सोडला की कंट्रोलर दोन्ही वेण्या एकमेकींना जोडतो, फिरती मोटार जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते. ब्रेकची वायर बारीक असेल तर ब्रेक मऊ लागतो, म्हणून ती विजेच्या वायरीइतकीच जाड हवी. अमेरिकन पद्धतीत पांढरी वायर विजेची, काळी गाडीकडे जाणारी आणि लाल ब्रेकची. लाल आणि पांढरी उलट जोडली तर ट्रिगर सोडताच गाडी सुसाट सुटते आणि दाबल्यावर थांबते. पहिल्याच वळणावर बॉडी फाटते ती अशी.

जुन्या रोधकाच्या कंट्रोलरमध्ये ओहमचा मेळ मोटारीशी घालावा लागतो. घरगुती संचांना २५ ते ४५ ओहम, ग्रुप १२ सारख्या मोटारींना ४ च्या आसपास, आणखी ताकदवान असेल तर त्याहून कमी. ओहम जास्त झाले तर अर्धा ट्रिगर दाबेपर्यंत काहीच घडत नाही आणि शेवटी गाडी एकदम उडी मारते. कमी झाले तर नुसता स्पर्श होताच गाडी पळते. दोन्ही प्रकारात डोनटमध्ये ताबा राहत नाही.

आता टायर आणि गोंद. बाहेरच्या माणसाला हा भाग ठाऊकच नसतो, आणि विक्रम मात्र इथेच होतात किंवा हुकतात. मागचे टायर स्पंज रबराचे. रबराची कडी धातूच्या हबवर चिकटवायची, ॲक्सलवर चढवून ग्राइंडरवर फिरवत घासायची, आणि दोन्ही टायर हजारांश इंचापर्यंत एका मापाला आणायचे. एक टायर मोठा राहिला तर गाडी सरळ पट्ट्यावर तिरकी ओढते आणि गाईड खाचेच्या एका भिंतीवर घासत राहतो. ट्रॅकवर पकडीसाठी चिकट द्रव फवारतात, मुख्यतः वळणांवर. ताजा फवारा लगेच उपयोगाचा नसतो. गाड्या फिरून फिरून तो दाबला गेला, त्याची काळपट चकचकीत पट्टी तयार झाली, की मग लेन ‘लागते’. गोंद जास्त झाला तर टायर ट्रॅक सोडायला तयार होत नाहीत, मोटार करंट ओढत राहते आणि तापते. कमी झाला तर शेपूट घसरतं. मधली अवस्था फार थोडा वेळ टिकते, आणि हवेतला दमटपणा वाढला की तीही बदलते. कोरड्या लेनवर फिरलेल्या टायरला धूळ आणि धागे चिकटतात. हीट, म्हणजे शर्यतीचा एका लेनवरचा टप्पा, संपल्यावर लायटरमध्ये भरतात त्या द्रवात कापड भिजवून टायर पुसायचा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. दिवा, सोल्डरिंग आयर्न, सिगारेट यांपासून लांब बसूनच हे करायचं.

बॉडी म्हणजे लेक्झन या पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, इंचाच्या पाच ते दहा हजारांश जाडीचा, रंग आतून लावलेला. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या आणि मागे उंच स्पॉयलर. दिसायला ती पाचरीसारखी, रस्त्यावरच्या कुठल्याही खऱ्या गाडीसारखी अजिबात नाही. अनेकांना हे खटकतं. पण त्या वेगात गाडी खाचेत राहते ती हवेच्या दाबामुळे. बॉडी निघाली तर उरलेली चेसिस तोच वेग धरू शकत नाही. पुढची कड ट्रॅकला जवळजवळ टेकलेली हवी. तिथे भेग पडली आणि हवा खाली शिरली की पुढचं नाक उचलतं, गाईड सुटतो. म्हणून बॉडी अडकवणाऱ्या पिनांच्या जागी आणि पुढच्या कडेला आतून टेपचा जादा थर देतात.

गाईडचंही तसंच. सपाट ठोकळ्यावर गाडी ठेवा. गाईडचा तळ पूर्ण टेकला पाहिजे आणि वेण्यांची फक्त मागची टोकं किंचित खाली झुकलेली हवीत. जास्त झुकवल्या तर त्या स्प्रिंगसारखं काम करून पुढचा भाग उचलतात. गाईडला जाणाऱ्या वायरी मऊ हव्यात. ताठ वायर गाईडला वळूच देत नाही, आणि मग माणूस उगाच गिअर बदलत बसतो.

लेन आठ, रंगांचा क्रम लाल, पांढरी, हिरवी, नारिंगी, निळी, पिवळी, जांभळी, काळी. लाल आणि काळी कडेच्या, आणि कुणालाच आवडत नाहीत. लेनमधलं अंतर चार इंच धरलं आणि वाट कुठेही स्वतःला पुलावरून ओलांडत नसली, तर शेजारच्या दोन लेनच्या लांबीत सुमारे २५ इंचांचा फरक पडतो. वळणं कितीही असोत, हा फरक तेवढाच राहतो. पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये तो पावणेपंधरा फूट होतो. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक लेन चालवायचीच असते. लेन बदलण्याचा नेहमीचा क्रम लाल, हिरवी, निळी, जांभळी, काळी, पिवळी, नारिंगी, पांढरी असा. आठ हीट, प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर एकूण ४० मिनिटं. दीड सेकंदाच्या सरासरीने १,६०० फेऱ्या होतात, १.६ सेकंदाने १,५००. एक दशांश सेकंद म्हणजे शंभर फेऱ्या! आणि एकदा खाचेतून सुटून मार्शलने पुन्हा बसवेपर्यंत पाच सेकंद गेले तर तीन फेऱ्या गेल्या. पात्रता फेरीतला विक्रमवीर शर्यतीत मागे पडतो याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. मला एका फेरीच्या विक्रमापेक्षा ४० मिनिटांचा एकूण आकडा जास्त मोलाचा वाटतो.

युरोपात चित्र वेगळं. तिथले स्पर्धेचे ट्रॅक सपाट, कललेलं वळण नाही, त्यामुळे ब्रेक आणि चेसिसची लवचीकता यांना जास्त महत्त्व. ‘इस्रा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक स्पर्धा अशाच ट्रॅकवर होते. प्रॉडक्शन, एफ १, ईएस ३२ आणि ईएस २४ असे तिचे वर्ग (ईएस म्हणजे युरोस्पोर्ट, पुढचा आकडा गाडीच्या प्रमाणाचा: १/३२, १/२४). किंगवरच्या वेळा इथे लावून पाहण्यात अर्थ नाही.

लांबीचा विक्रम ही तर निराळीच गोष्ट. २००९ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या जुन्या शर्यतमार्गाच्या वाटेवरून स्केलेक्स्ट्रिक या घरगुती संचांच्या ब्रँडचे ट्रॅकचे तुकडे जोडत पावणेपाच किलोमीटरचा ट्रॅक उभारला गेला. सुंदर काम होतं, पण तिथे वेगापेक्षा जोड आणि वीज टिकवणं हीच परीक्षा होती.

जुनी नोंद हाती आली तर पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ट्रॅकचा नकाशा आणि लांबी. लेनचा रंग. वर्ग, आणि त्या वर्षी त्या वर्गात कोणतं चुंबक चालत होतं. वीज किती व्होल्टची. आणि वेळ कशाने मोजली. १९६०च्या दशकात पुष्कळ ठिकाणी हातातल्या स्टॉपवॉचवर भागवत. बटण दाबताना माणसाचा पंचमांश सेकंद सहज इकडेतिकडे होतो, त्यामुळे त्या काळच्या नोंदीत दशांशानंतरचे आकडे वाचू नयेत. दहा फेऱ्यांची एकत्र वेळ घेऊन भागलेली असेल तर ती जास्त विश्वासाची. पुढे संगणक आले, वेळ हजारांशापर्यंत छापून येऊ लागली. पण कागदावर लेनचा रंग लिहिलेला नसेल, तर त्या तीन अंकांचंही काही करता येत नाही.