माझा अनुभव: ‘बाटली रिकामी आहे, मॅडम’

कॉलेजातून प्रोटीन मागवणार असाल तर मागणीपत्रावर नगाच्या रकान्यात ‘५० मायक्रोग्रॅम’ लिहू नका. ‘१ व्हायल’ (औषधाची असते तशी छोटी बाटली) लिहा. मी शहाणपणा करून मायक्रोग्रॅम लिहिले आणि चार दिवस स्टोअरच्या दारात काढले.

मालवण-देवगडकडे मासे साफ करणाऱ्या बायकांच्या हातांची कातडी फुटते, त्यावर आमचा लहानसा प्रकल्प आहे. चिकटपट्टीने कातडीचा वरचा थर उचलायचा आणि त्यात फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन किती आहे ते एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायच्या चाचणीने) मोजायचं. हे प्रोटीन केराटिनचे धागे एकत्र बांधतं, मग स्वतः तुटतं, आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्लं कातडीत पाणी धरून ठेवतात. त्याच्या जनुकातल्या दोषांचा इसबाशी असलेला संबंध २००६ साली पुढे आला. मोजायचं तर शेजारी ठेवायला माहीत प्रमाणाचं फिलॅग्रिन हवं, म्हणून ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं ह्यूमन फिलॅग्रिन मागवलं. एथिक्स कमिटी, कोटेशनं, मंजुरी, सगळं झालं. पार्सलची ‘घरपोच’ सेवा कणकवलीला संपली, तेही मी एसटीने जाऊन आणलं.

शुक्रवारी दुपारी स्टोअरच्या भाऊंनी बिल वाचलं. “ह्यूमन स्किन? माणसाची कातडी मागवलीत?” म्हटलं, भाऊ, तुम्ही रोज टोचून घेता ते इन्सुलिनही असंच बनतं, जनुक माणसाचा, मेहनत जंतूंची. ते पटलं. मग त्यांनी व्हायल उजेडात धरली, उलटी केली, नखाने टिचकी मारली.

“बाटली रिकामी आहे, मॅडम.”

रिकामी नव्हती, पण दिसत रिकामीच होती. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे बारीक मिठाचा एक कण. प्रोटीन गोठवून सुकवताना ट्रेहॅलोजसारखी साखर घातली असेल तर तळाशी पांढरा ठिपका तरी दिसतो. आमच्यात तोही नव्हता. भाऊ म्हणाले, उघडा आणि वजन करून दाखवा, म्हणजे सही करतो. उघडलं तर दमट हवेत मालाची वाट! शिवाय आमच्या तराजूचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा, म्हणजे मालाच्या दुप्पट. हे सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मग मी काय मिळालं म्हणून लिहू?”

खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला.

मागणीपत्र दुरुस्त करायला प्राचार्यांची सही हवी, आणि प्राचार्य सोमवारपर्यंत मुंबईत. नोंद झाल्याशिवाय वस्तू प्रयोगशाळेत जाणार नाही, आणि स्टोअरमध्ये फ्रीज नाही. शेवटी भाऊंनीच तोडगा काढला: व्हायल पाकिटात घालून लाखेचं सील लावलं आणि कँटीनच्या डीप फ्रीजरमध्ये बांगडा माशांच्या शेजारी ठेवली. हे कुठल्याच नियमात बसत नाही. शनिवारी रात्री तीन तास वीज गेली तेव्हा मी घरी जागी होते.

सुकवलेलं प्रोटीन काही दिवस साध्या तापमानालाही सहसा टिकतं, हे मला पाठ होतं. तरी झोप आली नाही. (आपल्याकडे मागवताना सुकवलेलंच मागवा. द्रवरूप माल ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये येतो, आणि वाटेत दोन दिवस जास्त लागले तर खोक्यात नुसती हवा उरते.)

सोमवारी सही झाली. मिळाल्यावर उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, कण झाकणाला चिकटलेला असतो. विरघळवल्यावर लगेच छोटे वाटे करून उणे ८० अंशांना ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवलं की प्रोटीन बिघडतं. या माहीत प्रमाणाच्या फिलॅग्रिनचा आमचा आलेख सरळ आला, बांगड्यांचा काही परिणाम नाही.

रजिस्टरमध्ये भाऊंची नोंद अशी आहे: ‘बाटली १ नग, सीलबंद. आतील वस्तू दिसत नाही.’ खाली त्यांची सही, आणि त्याखाली त्यांनी माझीही घेतली आहे.