जुन्या तासांचे स्थलांतर

गेल्या महिन्यात इंदूरच्या विजयनगरमधील आमच्या कार्यालयाने प्रकल्पांचे सारे काम रेडमाइन या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून जिरा या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नेले. कामे, टिप्पण्या, जोडलेल्या फाइली न्यायच्या यावर दुमत नव्हते. प्रश्न उरला तो सहा वर्षांत नोंदवलेल्या तासांचा. प्रत्येक कामाखाली एकूण तासांचा एकच आकडा टाकून पुढे जावे, असा प्रस्ताव आला आणि मी त्याला विरोध केला. माझे आजोबा सराफ्यातील एका पेढीवर हिशेब लिहीत असत. दिवाळीला नवी वही आरंभीच्या शिलकेने सुरू होई हे खरे, परंतु जुनी रोजकीर्द बासनात बांधून फळीवर ठेवलेली असे आणि वाद उद्भवला की तीच उघडली जाई. आमची तर फळीच, म्हणजे रेडमाइन, जाणार होती. कोणी, कोणत्या दिवशी, कशासाठी वेळ दिला हे हरवल्यावर पुढच्या कामाचा अंदाज कशावरून बांधायचा, आणि ग्राहकाने जुन्या बिलाबद्दल विचारले तर काय दाखवायचे?

सर्वांत अधिक त्रास तारखांनी दिला. रेडमाइनच्या नोंदीत केवळ दिवस असतो. जिराला घड्याळाची वेळही लागते. पहिल्या चाचणीत आम्ही भारतीय वेळेनुसार रात्रीचे १२ घातले. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे १ एप्रिलची नोंद त्या वेळेत ३१ मार्चच्या संध्याकाळी ६.३० वर गेली, आणि जागतिक प्रमाणवेळेवर चालणाऱ्या आमच्या अहवालात नव्या आर्थिक वर्षाचे काम सरत्या वर्षात जाऊन बसले. नंतर प्रत्येक नोंदीला दुपारचे १२ दिले, तेव्हा दिवस जागच्या जागी राहिले. पडताळणीच्या एक्सेल तक्त्यातही २७ तास ३० मिनिटांची बेरीज ३:३० अशी दिसत होती, कारण साध्या वेळेच्या रूपात २४ तास भरले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

नावांचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटला. जिरामध्ये एपीआयद्वारे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी थेट बोलण्याच्या सोयीने, तास चढवले की ते चढवणाऱ्याच्या खात्यावर पडतात. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातील तक्त्याच्या, फाइलीतून आयात करताना मात्र प्रत्येक नोंदीचा कर्ता सांगता येतो, म्हणून आम्ही तो मार्ग धरला. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आधी उघडली आणि आयात झाल्यावर निष्क्रिय केली. खाती कशाला वाढवता, असे विचारले गेले. पण दुसऱ्याचे श्रम माझ्या नावावर दिसावेत, हे मला मान्य नव्हते.

शेवटी प्रत्येक व्यक्तीची महिनावार बेरीज दोन्हीकडे ताडून पाहिली. रेडमाइनमधून काढलेल्या फाइलीत २० मिनिटे ०.३३ तास म्हणून आली होती, ती सेकंदांत १२०० ऐवजी ११८८ भरत होती. असे फरक मिनिटांत पूर्णांक करून मिटवले. आता पुण्याला गेलेल्या एका सहकाऱ्याची ‘सर्व्हर पुन्हा उभा केला, ९.५० तास’ ही नोंद त्याच्याच नावाने, त्याच तारखेला उघडते.