कॅडो लेक: फोटो बघून जाऊ नका, पाण्यावरचं हिरवं विचारून जा

डॅलसहून तीन तास गाडी मारून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅडो लेकला गेलो, टेक्सस आणि लुईझियानाच्या सीमेवर. कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, भाड्याने देणाऱ्याने सांगितलं 'सोपा राउंड आहे, दोन तासांत परत याल', आणि वेबसाइटवरच्या दरापेक्षा वीस डॉलर जास्त घेतले, लाइफ जॅकेटचे वेगळे म्हणे. पैसे भरण्याआधी सगळं मिळून किती ते विचाराच.

पुढचा अर्धा मैल मात्र अजून खांद्यात आहे. जायंट साल्विनिया. आपल्या मुठेतली जलपर्णी आठवा, फक्त ही फर्न आहे, ब्राझीलकडची, आणि थर इतका जाड की वल्हं आत जातं पण कनू हलत नाही, मागे वळावं तर आपणच केलेली वाट मिटलेली. पाऊण तास तिथेच गेला, फोनला रेंज नाही. शेवटी बोट रोडच्या, म्हणजे तळ्यातून होड्यांसाठी आखलेल्या वाटेच्या, खांबावरचा नंबर दिसला, नकाशाशी जुळवला आणि सुटलो. त्यामुळे कागदी नकाशा घ्याच, आणि आज कुठला रस्ता मोकळा आहे ते स्टेट पार्कच्या ऑफिसात विचारा, भाड्यावाल्याला नको. या तळ्यात साल्विनिया खाणारे बारीक सोंडे किडे मुद्दाम वाढवून सोडतात, पण कडाक्याच्या थंडीत तेही मरतात.

आणि तरीही जा! बाल्ड सायप्रस सूचिपर्णी असून पानं गाळतं, नोव्हेंबरमध्ये अख्खं जंगल विटकरी होतं आणि तसंच खाली पाण्यात दिसतं, बुंधे तळाशी फुगलेले, आजूबाजूला गुडघ्यांसारखी मुळं वर आलेली. पारंब्यांसारखं लोंबतं ते स्पॅनिश मॉस, ते मॉस नाहीच, अननसाच्या कुळातलं आहे आणि झाडाचा रस शोषत नाही. धुक्यात एक मोठा राखी बगळा दहा फुटांवर उभा होता, आम्ही वल्ही उचलून धरली, तो हलला नाही, मी श्वास रोखून बसलो होतो. अॅलिगेटर दिसला नाही, आहेत मात्र, पाण्यात हात सोडू नका.

पार्कमधली केबिन छान, बाकी दिवस आरामात गेले.

पहिल्यांदाच वल्हवणार असाल किंवा लहान मुलं असतील तर कनू नकोच, गाइडची मोटरबोट घ्या, सकाळची पहिली. स्वतःची कायाक असेल तर निघताना तळ धुवा, पाणी काढा, वाळवा, साल्विनियाचा एक तुकडा चिकटून गेला तरी दुसरं तळं भरतं, आणि टेक्ससमध्ये साल्विनिया अशी सोबत नेणं गुन्हा आहे.