राजवाड्यातली शाळा

आमच्या वेळी साताऱ्यात गाडी स्टॉपला लागली की कंडक्टर "चला राजवाडा, राजवाडा" ओरडायचा, आम्ही दप्तरं सावरत उतरायचो, पण आपण खरोखरच्या राजाच्या वाड्यात भूमितीच्या तासाला चाललोय हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. आमच्यासाठी ती शाळा, प्रतापसिंह हायस्कूल, बास. भिंती एवढ्या जाड की खिडकीत दोघं आरामात मावायचे आणि मधल्या सुट्टीत ती जागा पकडायला मारामारी. दगडी कोनाड्यात डबे ठेवायचो, पूर्वी तिथं समई असायची की काय देव जाणे, आमच्या काळात तिथं लोणच्याच्या तेलाचे डाग.

वाड्याची कथा तशी उदासच आहे. साताऱ्याच्या गादीवरचे छत्रपती प्रतापसिंह महाराज शिक्षणाची आवड असलेला माणूस, त्यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, १८४७ ला ते तिकडंच गेले, आणि पुढच्याच वर्षी दत्तक नामंजूर करून अख्खं राज्यच खालसा केलं. मग राजा नसलेल्या वाड्याचं करायचं काय? इथं शाळा भरायला लागली आणि शेजारच्या नव्या राजवाड्यात कोर्ट. त्यामुळं एका बाजूला पाढे आणि दुसऱ्या बाजूला तारखा, काळे कोटवाले वकील आणि त्यांच्यामागं फाईल घेऊन पळणारे पक्षकार आम्ही रोज बघायचो. आमच्या वर्गातले दोघंतिघं पुढं वकील झाले ते त्यामुळंच असं मला अजून वाटतं.

आणि ते शाळेच्या प्रवेशाचं रजिस्टर. ७ नोव्हेंबर १९००, नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे आपले बाबासाहेब, इंग्रजी पहिली. २०१७ पासून सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आम्हाला सर सांगायचे तेव्हा आम्ही हो हो म्हणायचो आणि लक्ष मैदानाकडं, खरी किंमत कळली ती नोकरीला बाहेरगावी गेल्यावर, शाळेचं नाव सांगितलं की समोरचा खुर्ची पुढं ओढायचा.

आता अशा वास्तूंचं म्युझियम करा असं बरेच जण म्हणतात. करा की, माझी ना नाही. पण एक वर्ग बाक-फळ्यासकट तसाच ठेवा, आणि बाकावर कर्कटकानं कोरलेली नावं पॉलिश मारून घालवू नका म्हणजे झालं.