हिरवं डिप आणि त्याला सुटणारं पाणी

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, त्या संध्याकाळी घरी २० माणसं जमणार होती. जेवायला बसण्याआधी तास-दीड तास गप्पांचा. त्या वेळात सगळ्यांच्या मधोमध काकडी-गाजराच्या काड्या, भाजलेल्या पावाचे तुकडे आणि ताज्या हिरव्या पानांचं घट्ट, मलईदार डिप ठेवायचं, हे मी परस्पर ठरवून टाकलं. बाकी सगळा स्वयंपाक ताई बघणार होती. माझ्या वाट्याला एवढं एकच काम होतं आणि ते मला मनापासून चांगलं करायचं होतं. म्हणून आठ दिवस आधीच एकदा करून पाहिलं.

पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. अर्धा किलो दही, चार मोठे चमचे मेयोनीज, धुतलेली पार्सली, शेपू, पुदिना, दोन पाकळ्या लसूण, मीठ, लिंबू. सगळं मिक्सरच्या भांड्यात घातलं आणि फिरवलं. रंग सुरेख आला, पण डिप पार पळीवाढी झालं. काकडीची काडी बुडवून वर काढली की सगळं ओघळून वाडग्यात परत. अर्ध्या तासाने पाहिलं तर कडेने हिरवट पाणी सुटलेलं.

ताईने चमचा घालून वर उचलला, थेंब पडताना पाहिले आणि म्हणाली, "अगं, यात तीन ठिकाणचं पाणी आहे. दह्याचं आहे, पानं धुतलीस त्याचं आहे, आणि मिठाने सुटलेलं आहे. प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल."

पुढचे आठ दिवस मी या एका वाक्याच्या मागे होते.

आधी दही. दही लागतं तेव्हा दुधातल्या प्रथिनांची एक नाजूक जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. मिक्सरचं पातं ती जाळी कापून टाकतं, आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. त्यामुळे दही कितीही घट्ट असलं तरी मिक्सरमध्ये सैल पडणारच. त्यावर उपाय म्हणजे पाणी आधीच काढून टाकायचं, म्हणजे चक्का करायचा, आणि नंतर तो हातानेच मिसळायचा. एक किलो दही दुहेरी मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवलं, चाळणीखाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगलं तर पाणी लवकर निथळतं हे खरं, पण दही आंबत राहतं. डिपमध्ये पुन्हा लिंबू पडणार असतं, मग आंबटपणा हाताबाहेर जातो. आठ तासांनी साधारण ४५० ग्रॅम चक्का मिळाला. दही किती घट्ट लागलं होतं त्यावर हा आकडा थोडा पुढे-मागे होतो.

नुसत्या चक्क्याचं डिप मात्र कोरडं आणि पिठूळ लागतं. त्याला स्निग्धता हवी. ती जिभेला मऊ वाटावी एवढ्यासाठीच नव्हे. पानांचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. डिपमध्ये पुरेसा स्निग्धांश असेल तर पानांची चव त्यात उतरते आणि मुरते. नसेल तर पानं वेगळी आणि दही वेगळं लागत राहतं. म्हणून ४५० ग्रॅम चक्क्याला २०० ग्रॅम मेयोनीज आणि १०० ग्रॅम सावर क्रीम, हे प्रमाण मी पक्कं केलं. आधी चक्का एकट्यानेच चमच्याच्या पाठीने घोटून घ्यायचा, गुठळ्या मोडायच्या, मग मेयोनीज थोडं थोडं घालायचं. एकदम सगळं घातलं तर गुठळ्या तरंगत राहतात आणि नंतर कितीही फेटलं तरी जात नाहीत. चाळणीतून गाळावं लागतं.

आता पानं. माझं मत विचाराल तर या डिपमधलं सगळ्यांत महत्त्वाचं काम पानं सुकवण्याचं आहे, आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळ त्याचीच होते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात सोडायची, हलवायची आणि हातांनी वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. दोन-तीन पाणी बदलून झालं की जाड देठ काढायचे आणि पानं स्वच्छ सुती कापडावर एकेरी पसरायची. वरून दुसरं कापड ठेवून हलक्या हाताने टिपायची आणि किमान तासभर तशीच राहू द्यायची. सॅलड स्पिनर असेल तर तो वापरा, पण त्यातून काढल्यावरही एकदा कापडावर पसराच. पान बोटांत धरल्यावर बोट ओलं होत नाही, तोवर सुरी हातात घ्यायची नाही.

आणि ती सुरी धारदार हवी. बोथट सुरी पान कापत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या पानाचा रस पाटावर राहतो, हिरवा डाग उमटतो, आणि कडा काळ्या पडायला लागतात. चिरलेल्या ढिगावरून पुन्हा पुन्हा सुरी चालवण्याची सवय मला होती, ती मोडली. पानांची घट्ट जुडी धरून एकदाच बारीक चिरायची आणि थांबायचं. पाटावर हिरवं पाणी दिसलं तर चव तिथेच सांडली असं समजा.

दुसऱ्या खेपेला हे सगळं नीट केलं. पाण्याचा प्रश्न जवळजवळ सुटला. पण आदल्या रात्री सगळं एकत्र करून ठेवलं होतं, मुरेल या आशेने. सकाळी झाकण काढलं तर लसणाचा उग्र भपकारा. चार पाकळ्या किसून घातल्या होत्या, रात्री चाखलं तेव्हा अगदी बेताचा वाटला होता लसूण. सकाळी त्याच्यापुढे दुसरी कुठलीच चव टिकेना. वर रंगही गेलेला, ताजा हिरवा जाऊन शेवाळी झालेला.

लसणाचं कारण असं. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती कापली, किसली की तिच्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या एका द्रव्याला भेटतं आणि तो झणका तयार होतो. पाकळी जितकी बारीक, तितका तो जास्त. आंबट रसात हे विकर मंदावतं. त्यामुळे लसूण थेट लिंबाच्या रसातच किसायचा, १० मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग डिपमध्ये घालायचा. किसून बाजूला ठेवून नंतर लिंबू पिळलं तर उपयोग होत नाही, तोवर झणका तयार झालेला असतो. पाकळ्याही चारच्या दोन केल्या. लसणाची गोडसर चव राहिली आणि दुसऱ्या दिवशीही ती अंगावर आली नाही.

रंगाला मात्र आंबटपणाच घातक. पानांच्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लात तो निसटतो आणि हिरवा रंग मळकट होतो. दही आंबट, लिंबू आंबट, मेयोनीजही थोडं आंबट. रात्रभर त्यात राहिलेली पानं हिरवीगार राहतील ही अपेक्षाच चूक होती. पण पानं अगदी आयत्या वेळी घालायची म्हटलं तर चव मुरत नाही. एक संबंध संध्याकाळ मी या पेचावर विचार करत होते. शेवटी पानांचे दोन वाटे केले. एक तृतीयांश पानं आदल्या रात्री घालायची, चवीसाठी. त्यांचा रंग गेला तरी चालेल. दोन तृतीयांश पानं पाहुणे येण्याच्या तासभर आधी घालायची, रंगासाठी आणि ताज्या वासासाठी. या एका बदलाने डिप जेवढं सुधारलं तेवढं दुसऱ्या कशाने सुधारलं नाही.

कुठली पानं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग, पण काही गोष्टी मी अनुभवाने सांगते. पार्सलीला मुख्य ठेवा. तिची चव स्वच्छ असते आणि ती कुणाला दाबत नाही. तिच्या निम्म्याने चाइव्हज, त्या नसल्या तर पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. शेपू पार्सलीच्या पावपट पुरतो. दुसऱ्या खेपेला मी तो पार्सलीएवढा घातला होता आणि सगळं डिप शेपूचंच झालं होतं. पुदिन्याची आठ-दहा पानं, जास्त नकोत. बेसिल घालायची असेल तर अगदी शेवटी, हाताने तोडून, कारण ती लगेच काळी पडते. रोजमेरीची पानं कच्ची खाताना दातांखाली काड्यांसारखी येतात, ती या डिपमध्ये घालूच नयेत असं मला वाटतं. सगळी मिळून ८० ते १०० ग्रॅम चिरलेली पानं वरच्या प्रमाणाला लागली.

कोथिंबीर मी जाणूनबुजून वगळली. माझ्या मामेबहिणीला ती साबणासारखी लागते. पूर्वी आम्हाला ते तिचं नखरेल वागणं वाटायचं. पण काही माणसांना कोथिंबिरीतल्या अल्डिहाइड नावाच्या द्रव्यांचा वास खरोखरच साबणासारखा येतो, आणि त्यात जन्मजात वेगळेपणाचा वाटा असतो, हे मी नंतर वाचलं. तिला इतकी वर्षं उगीच बोललो याचं वाईट वाटलं. २० माणसांत असं एखादं असण्याची शक्यता असतेच. सगळ्यांसाठी एकच वाडगा ठेवायचा तर ज्याची कुणालाच अडचण नाही अशी पानं निवडावीत.

तिसरं पाणी मिठाचं. मीठ पानांना लागलं की ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून चिरलेल्या पानांवर मीठ भुरभुरायचं नाही. ते चक्का-मेयोनीजमध्ये आधी पूर्ण विरघळवायचं आणि पानं त्यात शेवटी, चमच्याने खालून वर घेत मिसळायची. थोडं पाणी तरीही सुटतं, पण चक्का तेवढं सहज शोषतो. मिठाचा अंदाजही मी दोनदा चुकले. थंड पदार्थात चव दबते, त्यामुळे फ्रिजबाहेर नीट वाटलेलं डिप गार झाल्यावर अळणी लागतं. शिवाय चमच्यावर घेऊन चाखणं फसवं असतं. पाहुणे चमच्याने खाणार नसतात. काकडीच्या काडीवर घेऊन चाखा, पावावर घेऊन चाखा. काकडीबरोबर मीठ कमी वाटतं, खारवलेल्या पावाबरोबर तेच जास्त होतं. त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबायचं.

माणशी किती लागेल हे मला आधी कळत नव्हतं. जेवणाआधीचं खाणं असेल तर ४० ग्रॅम, म्हणजे अडीच मोठे चमचे धरले तर पुरतं. २० जणांना ८०० ग्रॅम.

त्या दिवशी डिप एका मोठ्या वाडग्याऐवजी दोन लहान वाडग्यांत काढलं. एक बाहेर, एक झाकून फ्रिजमध्ये. बाहेरचा वाडगा बर्फ भरलेल्या पसरट भांड्यात बसवला. दुधाचा पदार्थ आणि मेयोनीज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराच्या वर नाहीच. गप्पांत वेळ कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी फोनवर गजर लावला होता. काकडीच्या बिया काढून काड्या कापल्या आणि कापडाने टिपल्या. इतकं करून ओल्या काकडीने पाणी परत वाडग्यात जायला नको होतं. पहिल्या वाडग्यात उरलेलं दुसऱ्यात मिसळायचं नाही, हेही घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं.

बाबांनी गाजराच्या काडीवर भरपूर डिप घेतलं आणि काही न बोलता दुसरी काडी उचलली. ते जेवणाबद्दल कधीच बोलत नाहीत, दुसऱ्यांदा घेतात. तासाभराने ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने वाडग्यात चमचा ओढला आणि चमच्यामागे पडलेली चर मिटते का, हे वाकून पाहिलं. चर तशीच होती, कडेला पाणी नव्हतं. "आता दुसरा वाडगा काढ," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या वाडग्यातलं थोडं फ्रिजमध्ये उरलं होतं, वाढायला काढलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग थोडा उतरला होता, चव मात्र आदल्या दिवशीपेक्षा मुरलेली. दोन चमचे लिंबाचा रस घालून ते सैल केलं आणि उकडलेल्या बटाट्यांवर ओतलं. आईने त्यातलंच थोडं स्वतःसाठी वाटीत काढून ठेवलं.